माशाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय

१

मकासऱ्यांचा आवाज अर्ध्या नाशिकने ऐकला होता, चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. एसटीच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते. नांदगावची गाडी कुठल्या फलाटावर लागली, हरसूलच्या गाडीला उशीर का होतोय, हे ते माइकवरून अशा काही ठेवणीत सांगत की गाडी चुकलेला माणूससुद्धा न कुरकुरता बाकावर जाऊन बसे. निवृत्त झाले आणि त्या आवाजाला काम उरलं नाही.

मग त्यांच्या मंडळीतल्या लोकांनी गळ घातली. शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं छोटंसं चर्च. रविवारी येणारी माणसं दरवर्षी कमी होत होती, कारण बरीचशी म्हातारी होऊन घरात बसली होती. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला उठता येत नव्हतं. "शांतवनभाऊ, या लोकांसाठी पवित्र शास्त्र वाचून रेकॉर्ड करा. आपण मोबाईलवर पाठवू."

मकासऱ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्या माणसांपैकी एक त्यांच्याच घरात होतं. त्यांची बायको सगुणाबाई मणक्यातल्या गाठीने अंथरुणाला खिळली होती. मोठ्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. दुखणं कमी करायचे पॅच लावायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गादीवर निजवायचं, कूस बदलायची, आणि वाट बघायची. कशाची, ते कुणी बोलत नसे.

रेकॉर्डिंग सातपूरला होई. वेदिका नावाच्या मुलीचा तिथे स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वर्कशॉपवरची माळ्याची खोली. भिंतींना काळा फोम, मधोमध काच, काचेच्या पलीकडे तिचा कॉम्प्युटर. एरवी ती रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती करी. खाली प्रेसची मशिनं धडधडत, म्हणून मकासऱ्यांचं काम फक्त शनिवारी, कारखान्यांच्या सुट्टीला. त्या दिवशी सगळी एमआयडीसी अशी गप्प असे की स्वतःच्या घशातली थुंकी गिळल्याचा आवाजही कानाला लागे.

आठवडाभर मग घरात त्यांचाच आवाज. सगुणाबाईंच्या उशाशी मोबाईल, गादीच्या पंपाची घरघर, आणि त्यावर मकासरे वाचताहेत. स्वतः मकासरे तेव्हा स्वयंपाकघरात पेज ढवळत असायचे.

२

"अहो, ते माशाचं पुस्तक लावा ना परत," सगुणाबाई एका दुपारी म्हणाल्या.

माशाचं पुस्तक हे नाव त्यांनीच ठेवलेलं. जुन्या करारातलं एका संदेष्ट्याचं पुस्तक ते. देवाने सांगितलेलं काम टाळून तो पळतो, समुद्रात पडतो, एक प्रचंड मासा त्याला गिळतो आणि तीन दिवसांनी देवाच्या आज्ञेने किनाऱ्यावर ओकून टाकतो. मग तो ते काम करतो आणि शेवटी उन्हात बसून देवावरच रुसतो. इवलंसं पुस्तक. देव त्याला एक प्रश्न विचारतो आणि पुस्तक तिथेच थांबतं, उत्तराशिवाय.

मकासऱ्यांनी लावलं.

"सुरुवातीपासून नको. पाचवा अध्याय लावा."

"चारच आहेत, सगुणा."

"पाचवा आहे. काल दोनदा ऐकला मी. तो ऐकताना पाठ दुखत नाही."

पॅचमुळे गुंगी येते, भास होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मकासऱ्यांनी मान हलवली, चौथा अध्याय लावला आणि गादीची नळी तपासायला खाली वाकले. देवाचा प्रश्न आला. नंतरची शांतता आली. वाकलेल्या अवस्थेतच त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, बसस्थानकावरचा, संथ आणि खात्रीचा.

"अध्याय पाचवा."

ते तसेच राहिले, एक हात नळीवर.

"आणि असे झाले की, ज्या माशाने संदेष्ट्याला ओकून टाकिले होते तो खोल पाण्यात परत गेला, आणि त्याला झोप येईना. तेव्हा मासा परमेश्वराला म्हणाला, तू त्याला माझ्यात ठेविलेस तेव्हा मला विचारिले नाहीस, आणि काढून नेलेस तेव्हाही विचारिले नाहीस. आता माझ्या पोटात माणसाएवढी जागा झाली आहे, आणि ती मिटत नाही."

सगुणाबाईंनी डोळे मिटले होते. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. कित्येक महिन्यांत मकासऱ्यांनी तो चेहरा तसा पाहिला नव्हता.

"तेथे ऊन नाही. तेथे वारा नाही. तेथे कोणी कोणाला कामाला पाठवीत नाही. जो शिणला असेल त्याने यावे."

३

"मला काय माहीत काका, मला वाटलं असेलच," वेदिका म्हणाली. "मी थोडीच वाचलंय तुमचं पुस्तक? तुम्ही वाचत गेलात, मी रेकॉर्ड करत गेले."

"मी हे वाचलेलं नाही."

वेदिकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. ती हुशार मुलगी होती, म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडायची तिला हौस नव्हती. "हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज बनवता येतो काका. तुमचं एवढं रेकॉर्डिंग सगळीकडे फिरतंय. कुणीतरी चावटपणा केला असेल."

मकासऱ्यांना एकदम हायसं वाटलं. हेच. हल्लीची पोरं काय वाटेल ते करतात. पेपरात येतंच की.

"पण फाईल माझ्याकडचीच आहे," वेदिका स्वतःशीच पुटपुटली आणि हेडफोन लावून ऐकू लागली. मध्येच तिने एक हेडफोन त्यांच्या कानाला लावला. "हे ऐका. चौथ्या अध्यायात पत्र्यावर कबुतरं चालताहेत, ऐकू येतंय? पाचव्यात तीच चालताहेत. कुठे तोड नाही. तुमची खुर्ची करकरते, तीही आहे. इथे तुम्ही पान उलटलंत."

मकासऱ्यांनी तो पान उलटल्याचा आवाज ऐकला. कागद जाड होता आणि ओला. पाण्यातून काढलेल्या कपड्यासारखा तो उलटला.

"पुसून टाक," ते म्हणाले.

तिने त्यांच्यासमोर पुसलं. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही वाचलं नाही.

४

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड समाधान साळवी, वयाने मकासऱ्यांपेक्षा लहान, पण वाचन दांडगं. त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीत बसून मकासऱ्यांच्या मोबाईलवर तो अध्याय ऐकला. तिथे तो अजून होताच. ऐकून झाल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली, बाहेर लख्ख ऊन असताना.

"शांतवनभाऊ, शास्त्रात नसलेली पुस्तकं बरीच आहेत. कुठली धरायची आणि कुठली नाही यावर शेकडो वर्षं वाद झाले. काही पुस्तकं आपण धरत नाही, पण कॅथलिक मंडळी धरतात. काहींबद्दल ठरलं, की वाचा, मनाला बरं वाटत असेल तर वाचा, पण त्यांवर विश्वासाची बांधणी करू नका. यहुद्यांकडे असं वाङ्मय आहे, मुसलमानांकडे आहे. देव एक म्हटला की त्याचं वचन कुठलं आणि कुठलं नाही, हे ठरवावंच लागतं. मग जे बाहेर राहतं ते काही नाहीसं होत नाही. लोक ते गोष्टीत सांगतात, गाण्यात गातात, आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात."

"आणि हे? हे कुठलं त्यातलं?"

"मी शोधलं. तुम्ही फोन केलात त्या दिवसापासून शोधतोय. कुठल्याच यादीत नाही. काही पुस्तकं अशी आहेत की ती जाळली गेली आणि आता फक्त त्यांना शिव्या देणाऱ्यांच्या लिखाणातून कळतात. त्यातही हे नाही."

"मग लिहिलं कुणी?"

पाळकसाहेबांनी मोबाईल त्यांच्याकडे परत सरकवला. मग विचारलं, "सगुणावहिनींना बरं वाटतं म्हणालात?"

"दुखत नाही म्हणते."

"मग मी काय सांगू तुम्हाला?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम थकलेला वाटला. "मी त्यांच्यासाठी वर्षभर प्रार्थना करतोय. माझ्या प्रार्थनेने एक रात्रसुद्धा त्यांना धड झोप लागली नाही."

५

मकासऱ्यांनी घरी येऊन मोबाईलमधून तो अध्याय काढून टाकला. सगुणाबाई बघत होत्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "आता मला मोबाईल लागत नाही."

त्या खरंच आनंदात होत्या, आणि तेच मकासऱ्यांना बघवत नव्हतं. पॅच बदलायची आठवण त्या करेनाशा झाल्या. पेज दोन चमचे घेऊन तोंड फिरवू लागल्या. आणि मकासऱ्यांनी कधीच न ऐकलेल्या ओळी त्या शेजारणीशी बोलावं तशा बोलू लागल्या. "माशाने सगळ्या समुद्रांत विचारलं हो. प्रत्येक गलबताखाली जाऊन विचारलं. पण सगळ्यांना कुठे ना कुठे पोचायचं होतं."

"हे कुठे ऐकलंस?"

"तुम्हीच नाही का वाचलंत सकाळी?"

सकाळी मकासरे दूध आणायला गेले होते.

अंग पुसायला बयाबाई येत असे, गंगापूरच्या पुढच्या खेड्यातून. एकदा तिने त्यांना स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं, "बाबा, गादीला लय ओल हाय. मी चादर बदलली, परत तसंच."

"लघवी झाली असेल."

"नाय हो. तसला वास नाय त्याला." ती अडखळली. "आमच्याकडं धरणाचं पाणी आटल्यावर तळाचा गाळ उघडा पडतो ना, तसा वास येऊ राह्यला."

मकासऱ्यांनी स्वतः हात लावून पाहिला. बाहेर एप्रिल पेटला होता, नळाला पाणी येत नव्हतं, खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसत होता. आणि बायकोच्या पाठीखालची चादर थंडगार, गच्च ओली होती. गादीच्या रबरी कप्प्यांत हवा भरत होती, सुटत होती. डॉक्टर येऊन गेले. घाम असेल म्हणाले. शेवटी शेवटी असा घाम येतो.

६

मकासऱ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपण ते पुस्तक नीट संपवलं नाही. काहीतरी उघडं राहिलं. चारही अध्याय पुन्हा वाचायचे, शेवट ठणकावून वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि उठायचं. यात काही अर्थ नाही हे त्यांना कळत होतं. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि नुसतं बसवतही नव्हतं.

शनिवारी ते सातपूरला गेले. मोबाईल मुद्दाम बरोबर घेतला, घरात ठेवला नाही. सगुणाबाईंजवळ बयाबाई थांबली.

ते वाचत गेले. एकदाही अडखळले नाहीत. देवाचा शेवटचा प्रश्न आला तो त्यांनी शब्दाशब्दावर थांबून वाचला आणि पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्यावर ठेवले. ओठ घट्ट आवळले.

काचेपलीकडे वेदिका हेडफोन लावून बसली होती, नजर स्क्रीनवर. आता ती मान वर करेल, अंगठा दाखवेल. तिने मान वर केली नाही. ती ऐकत होती. स्क्रीनवरची हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती, एखादा माणूस संथपणे बोलत असावा तशी.

मकासऱ्यांनी हाताने काचेवर टकटक केली. वेदिकाने न बघताच तळहात दाखवला. थांबू नका, छान चाललंय, वाचा.

त्यांनी तोंडावर हात दाबला. दात जिभेवर रोवले. घसा चाचपला, घसा हलत नव्हता. समोर रेघ हलत होती. बाहेर पत्र्यावर एकही कबूतर नव्हतं, खाली एकही मशीन नव्हतं, आणि त्या काळ्या फोमच्या खोलीत मकासऱ्यांना स्वतःला काहीही ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने वेदिकाने हेडफोन काढला. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, मला तुमच्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण आज शेवट ऐकून रडू आलं. तो म्हणतो ना, मला एकच द्या, ज्याला कुठेच पोचायचं नाही असं."

मकासरे जिना उतरले ते चप्पल घालायचीही राहिली.

७

रिक्षा सोडून ते वर आले तेव्हा बयाबाई दाराबाहेर पायरीवर बसली होती. त्यांना पाहून ती उभी राहिली आणि भिंतीला टेकली.

"बाबा, तुमी तर आत वाचू राह्यले ना?" ती म्हणाली. "मंग बाहेरून कुठून आले?"

आतून आवाज येत होता. ठेवणीतला, सावकाश. मकासऱ्यांनी खोलीचं दार उघडलं.

दुपारचं ऊन सगळ्या खोलीत पसरलं होतं. पलंगाजवळची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. सगुणाबाई त्या खुर्चीकडे बघत होत्या, नवीन लग्न झालं तेव्हा नवऱ्याचं बोलणं ऐकताना बघायच्या, तशा. आवाज खुर्चीतून येत नव्हता. तो गादीतून येत होता. तिचे रबरी कप्पे दोन्ही बाजूंनी फुगून वर आले होते आणि सगुणाबाई मध्ये खोल गेल्या होत्या.

"सगुणा, ऊठ. चल, बाहेर बसू."

"थांबा हो. तुमचंच ऐकतेय."

त्यांनी तिला उचलायला पाठीखाली हात घातला. हात गेला. गादी लागली पाहिजे होती, ती लागली नाही. मनगट गेलं, कोपर गेला. पलंगाची फळी लागली पाहिजे होती, जमीन लागली पाहिजे होती. हात खांद्यापर्यंत आत गेला. तिथे ऊब होती आणि ओल होती. कशानेतरी चहूबाजूंनी त्यांचा हात हळूच धरला, चाचपला, आणि सोडून दिला. त्याला तो नको होता.

मकासऱ्यांनी हात बाहेर ओढला आणि टेबलावरचं शास्त्र उचलून जे पान उघडलं ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो दुसरा आवाजही तेच शब्द वाचू लागला. आधी त्यांच्याबरोबर, मग एका शब्दाने पुढे. मकासरे थांबले. तो थांबला नाही.

"तेव्हा मासा त्या पुरुषाकडे वळला आणि म्हणाला, ही शिणली आहे, आणि तुझ्या देवाने हिला विचारिले नाही. मी विचारतो. हिला माझ्याजवळ राहू देशील काय?"

खोली गप्प झाली. पंपसुद्धा थांबला. सगुणाबाईंनी पहिल्यांदाच खुर्चीवरून नजर काढून नवऱ्याकडे वळवली. तिच्यात भीती नव्हती. नुसती विनवणी होती. वर्षभर त्या दुखण्याने किंचाळल्या होत्या, आणि मकासरे वर्षभर काहीही करू शकले नव्हते.

"नाही" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"हो," त्यांचा आवाज म्हणाला.

ओठांतून आला की गादीतून, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

सगुणाबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. पंप पुन्हा घरघरू लागला, कप्पे खाली बसले, आणि गादीवर त्यांचं हलकं, कोरडं शरीर नेहमीसारखं पडलेलं होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मकासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फार शांतपणे गेल्या म्हणाले.

८

दफन झालं. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रातलं, सगळ्यांना ठाऊक असलेलं वचन वाचलं. मकासरे मातीची मूठ धरून उभे होते. ती टाकायला कुणाला तरी त्यांना हात धरून पुढे न्यावं लागलं.

तो अध्याय आता पुसण्यापलीकडे गेला होता. वेदिकाने पुन्हा पुसला, पाळकसाहेबांनी मंडळीला पत्रक काढून सांगितलं, पण म्हाताऱ्या माणसांनी तो एकमेकांना पाठवला होता. नांदगावहून मल्हारी सोनवणे नावाच्या कुणा वृद्धाचा फोन आला. त्यांना मकासऱ्यांचे आभार मानायचे होते. "माझी आई हा अध्याय म्हणायची हो लहानपणी. नंतर कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. तुम्हाला कुठे मिळाला?" असा अध्याय नाही, असं सांगायला मकासऱ्यांनी तोंड उघडलं आणि फोन ठेवून दिला. आता त्यांना तोंड उघडायचीच भीती वाटे.

सोनवण्यांनीच मग तो त्यांना पाठवला, प्रेमाने.

पुष्कळ दिवस मकासऱ्यांनी त्याला हात लावला नाही. पण घर फार रिकामं होतं. हवेची गादी परत गेली होती, पलंगावर नुसती फळी होती. एका सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, शास्त्र मांडीवर घेऊन ते त्या पलंगाशेजारी बसले. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिला तिथे बरं वाटतंय ना. मोबाईल लावला.

त्यांचा आवाज वाचत होता. माशाला झोप लागल्याचं, समुद्र शांत झाल्याचं काहीतरी. तो शब्दांवर शब्द वाचत होता, दमत नव्हता, थांबत नव्हता. मकासऱ्यांनी मोबाईल कानाला लावला. त्या आवाजाच्या मागे, फार खालून, ओल्या भिंतीपलीकडून यावं तसं कुणीतरी हाक मारत होतं.

"अहो."

त्यांनी श्वास रोखला.

"अहो, पुरे ना. केव्हाचे वाचताय." सगुणाबाईंचा आवाज बारीक झाला होता, आणि त्यात दुखणं होतं. सगळं दुखणं होतं. "मिटा ना आता ते पुस्तक."

मकासऱ्यांनी खाली पाहिलं. मांडीवरचं पुस्तक मिटलेलंच होतं. त्यांनी ते उघडलं, पुन्हा मिटलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मोबाईलमधला त्यांचा आवाज पुढची ओळ वाचत राहिला.